बत्तिसाव्या हिश्शाचं इंजिन

७ फेब्रुवारी २०१३, गुरुवार

मालकांनी सांगितलंय, इंजिनाचं रोज किती काम झालं ते लिहून देत जा. ते मी वेगळ्या कागदावर देईन. या वहीत जे लिहीन ते कुणाला दाखवायचं नाही.

कंपनी आता गुरुवार-शुक्रवार बंद. प्लेटिंगला पाणी नाही. चिकलठाण्यात निम्म्या शेडची हीच गत आहे. टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली, पाण्यावाचून काम थांबलेलं पहिल्यांदाच पाहतोय. मालक म्हणाले, "अजिनाथ, घरी बसून काय करणार? हे घे." आणि खोकं पुढं सरकवलं.

परदेशातून मागवलेलं किट. पितळेचे पातळ पत्रे, त्यांवर तेजाबानं कोरलेले भाग, चाकं, ओतीव बारीकसारीक वस्तूंच्या पुड्या आणि एक मोठा नकाशा. सगळं जोडलं की दोन फुटांचं वाफेचं इंजिन होतं, खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचं. चालत नाही, नुसतं मांडायचं. शेंद्र्याला कंपनीचं नवीन ऑफिस होतंय, तिथं दारातच काचेच्या पेटीत ठेवणार आहेत.

मी नकाशा उलगडला आणि माझं डोकं तापलं. वायपी, मीटरगेजच्या अरुंद रुळांवरचं इंजिन. आमच्याच लाइनीवर धावायचं ते, मनमाड ते काचीगुडा.

"जमेल ना?" मालकांनी विचारलं.

"जमेल," म्हणालो.

ज्या इंजिनानं माझ्या बापाचा कळप चिरडला, ते एकदा माझ्या हातात पाहिजे होतं. हे काही मालकांना सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ पाट मांडला. कानशी, चिमटे, सोल्डरिंगची गन. पहिला पत्रा कापून चौकट वाकवली. पितळ चांगलं आहे, कोन बरोबर बसतात. चौकटीला सोल्डरचा पहिला डाग दिला.

आई काठी टेकत आली. आईचं नाव राजाबाई, सत्तरी ओलांडलेली, पण नजर अजून पक्की आहे. नकाशा बघत उभी राहिली.

"काय रं हे?"

"इंजिन. आपलं. मेंढरांवर घातलं ते."

ती मागं वळली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. तिलाही राग आलेला दिसतो. बरं वाटलं. मला वाटायचं घरात फक्त मलाच राग येतो.

१० फेब्रुवारी, रविवार

कधीच लिहिलं नव्हतं, आज लिहून ठेवतो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. बहात्तरला पाऊस झालाच नव्हता. आमच्या गावच्या, शेंद्र्याच्या माळावर काडी उरली नव्हती, पण रुळांच्या कडेनं, तारेच्या आतल्या अंगाला, थोडं वाळकं गवत होतं. तिथं जायची मनाई. सगळेच जायचे. आबा, म्हणजे माझे वडील केरबा, त्या दुपारी विहिरीत पाणी झिरपलंय का बघायला गेले. मेंढरांजवळ मी होतो. नऊ वर्षांचा. ऊन लई होतं म्हणून बाभळीखाली होतो, आबांचं घोंगडं डोक्यावर घेऊन.

आधी काही आवाज नाही. शांत. मग एकदम समोर इंजिन. उभं, वाफ सोडतंय. त्याच्या पुढं लोखंडी पट्ट्यांची जाळी, जनावर आडवं आलं तर बाजूला फेकायची. तिच्या आडव्या पट्ट्या आजसुद्धा डोळे मिटले की मोजता येतात. पट्ट्यांना लोकर लागली होती. कुणीतरी काळ्या हातांनी मला उचललं. आबाच असणार.

सत्तावीस मेंढरं गेली. त्यातली अकरा मामाची होती. मामा पुन्हा आमच्या दारात आला नाही.

ड्रायव्हरनं शिट्टी दिलीच नाही. आबा मरेपर्यंत हेच सांगत होते. आणि मी तिथं होतो. मी साक्षीदार आहे.

आबांनी पुन्हा काठी धरली नाही. दुष्काळी कामावर खडी फोडली, मग शहरात शहागंजाच्या बाजारात हमाली केली. पाठीवर पोती वाहून मला आयटीआय शिकवलं. लोक म्हणतात, बरंच झालं की, पोरगं शहरात लागलं. असं म्हणणाऱ्याच्या तोंडात मारावंसं वाटतं. एका माणसाला हात वर करून एक दोरी ओढायची होती. तेवढं झालं नाही त्याच्यानं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

टँकरवाल्याशी भांडण झालं.

सकाळपासून बॉयलरचा पत्रा गोल करत होतो. जेवून जरा आडवा झालो. उठलो तर टँकर येऊन गेलेला. कोपऱ्यावर पळत जाऊन गाठला त्याला. म्हणालो, "हॉर्न द्यायला हात मोडतो का तुझा?"

"तीनदा दिला काका. अख्खी गल्ली आली होती."

त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. घरी आलो तर शीला, माझी बायको, दारातच उभी.

"आठ हंडे भरून ठेवलेत मी. कशाला तमाशा? तुम्ही घोरत होता."

"मग उठवायचं."

"उठवलं की. दोनदा."

असं ती म्हणते. मला आठवत नाही. या शहरात चूक कबूल करणारा माणूस सापडायचा नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

दोन आठवडे लिहिलं नाही. काम उरकतंय. बॉयलर चौकटीवर बसला, धुराडं बसलं, चाकांचे दांडे हलतात. ड्रायव्हरची केबिन उभी केली. आतला आगीचा दरवाजा बोटाच्या नखाएवढा आहे, तोही उघडतो-मिटतो.

मालक बघून गेले. खूश झाले. म्हणाले, काळा चकचकीत रंग दे, आणि मागं जोडलेल्या टेंडरच्या डब्यावर आपल्या कंपनीचं नाव. मी म्हणालो, टेंडरमध्ये कोळसा आणि पाणी असायचं, कंपनी नसायची. त्यांना गंमत वाटली. मला नाही वाटली.

मग त्यांनी विचारलं, "ही एक पुडी उरलीय, हिच्यात काय?"

तांदळाच्या दाण्याएवढी शिट्टी आहे त्या पुडीत. केबिनच्या पुढं, वरच्या अंगाला बसते. मी म्हणालो, "ती जादा आहे." बसवणार नाही. ज्यानं वाजवली नाही त्याला शोभेला कशाला द्यायची?

७ मार्च, गुरुवार

मोटरसायकल काढून शेंद्र्याला गेलो. ती जागा बघायची होती. जालना रोडनं जाताना दोन्ही बाजूंनी भिंतीच भिंती. जिथं आमचा मेंढरांचा वाडगा असायचा तिथं आता गोदाम. वॉचमन म्हणाला, आत कुणाकडं? मी म्हणालो, माझ्याच गावात मला विचारतो का कुणाकडं? तो बिचारा बिहारकडचा, त्याला काय कळणार. तरी ओरडलो.

रुळापर्यंत कसाबसा पोचलो. आता ब्रॉडगेज आहे. बाभळी एकही नाही. रस्त्यात जनावरांची छावणी लागली, हिरव्या जाळीखाली हाडं निघालेल्या गाई. टँकरभोवती माणसं. चाळीस वर्षांत एवढंच बदललं की मेंढरांच्या जागी कंपन्या आल्या. पाणी तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

परत येऊन इंजिनाची पुढची जाळी उसवली. चौथ्यांदा. किटमधल्या पट्ट्या उभ्या आहेत. मला पक्कं आठवतं, आडव्या होत्या. परदेशात बसून नकाशा काढणाऱ्याला आमच्या लाइनीचं काय माहीत? त्या लाइनीवर काम केलेल्या माणसालाच विचारलं पाहिजे.

१५ मार्च, शुक्रवार

टूलरूममधल्या एकाच्या ओळखीनं पुंडलिकरावांकडं गेलो. रेल्वे स्टेशनच्या मागं राहतात, वय बहात्तर. आधी फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, पुढं ड्रायव्हर झाले. इंजिन फडक्यात गुंडाळून नेलं होतं. फडकं काढलं तसा म्हातारा उभाच राहिला.

"अरे बावा! हे तर माझं घर." केबिनमध्ये करंगळी घातली. "हितं उभा राहायचो मी. कोळसा मागं, आग पुढं. उन्हाळ्यात चपलेचा तळ वितळायचा. कुनी केलं रं हे? तू? हाताला सोनं लागलंय तुझ्या."

जाळीचं विचारलं.

"पट्ट्या? उभ्याच व्हत्या की."

"आडव्या. मी पाहिल्यात."

"तू आडवा पडून पाह्यल्या असतील." आणि हसला. हसता हसता बॉयलरवरून बोट फिरवत केबिनपाशी थांबला. "शिट्टी कुठंय?"

"नाही लावली. यांची वाजत नव्हती."

"कोन म्हनतो?"

मी म्हणालो, त्र्याहत्तर साली शेंद्र्याजवळ मेंढरं मेली, तेव्हा नव्हती वाजली. मी त्या भागातला, ऐकलंय मी.

म्हातारा खाली बसला. हसू गेलं त्याचं. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो:

"त्या इंजिनावर मी व्हतो. ड्रायव्हर सांडू. त्याच्यासारका मानूस न्हवता. वळण संपलं न् मेंढरं दिसली, तशी त्यानं शिट्टीची दोरी वढली ती सोडलीच नाय. एका हातानं दोरी, एका हातानं ब्रेक. मी खिडकीतून लोंबकळून वरडत व्हतो, कोळशाची ढेकळं फेकत व्हतो. मेंढरं एकामागं एक रुळावरच येत राह्यली. आन् त्यांच्या पलीकडं, रुळाच्या कडंला, बाभळीखाली पोरगं झोपलेलं. घोंगडं डोक्यावर. एवढी शिट्टी, एवढा आवाज, हललं नाय ते. गाडी थांबली ती पोरापासून दहा हातावर. सांडूला वाटलं पोरगं मेलंय. उडी टाकून पळाला. उचललं तवा डोळं उघडलं त्यानं."

मी उभा राहिलो. म्हणालो, "तुम्ही त्याचीच माणसं, तुम्ही असंच सांगणार. खोटं आहे सगळं."

"खोटं बोलून मला आता काय मिळनार हाय?"

फडकं तिथंच टाकून इंजिन उचललं आणि आलो. मी कोण ते सांगितलं नाही. का सांगू?

१६ मार्च, शनिवार

खोटं बोलतो म्हातारा.

१७ मार्च, रविवार

शीला बाजारात गेली होती. आई झोपली होती. किटमधली उभ्या पट्ट्यांची जाळी पुन्हा इंजिनाला तात्पुरती टाचली. इंजिन लादीवर ठेवलं आणि त्याच्यासमोर कुशीवर पडलो. डोकं जमिनीला टेकवलं.

पट्ट्या आडव्या दिसतात.

कुशीवर पडून, जवळून, आडव्या. बरोबर जशा चाळीस वर्षं दिसतात तशा. सात.

पक्कड घेतली आणि ती जाळी चुरगाळून टाकली. पितळ मऊ असतं, कागदासारखं वळतं. एवढ्यात शीला आली. माझ्या हातातून रक्त येत होतं. तिनं हळद आणली, बोटं बांधली. म्हणाली, "कुणावर राग आहे ते तरी सांगा. आम्हाला कळू द्या, म्हणजे बाजूला होता येईल."

मी तिच्यावरही ओरडलो.

२१ मार्च, गुरुवार

आज आईला विचारलं. चार दिवस तिच्यासमोर जायचं टाळत होतो. ती गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. मी समोर उकिडवा बसलो.

"आई, त्या दिवशी मी झोपलो होतो का?"

तिचा हात थांबला.

"व्हय," म्हणाली.

"आणि शिट्टी?"

"शिट्टी आयकूनच तर तुझा बाप हिरीवरून पळाला. पोहरा टाकून. त्यानंच सांगितलं मला, त्याच रातीला. वाटभर शिट्टी आयकत पळत व्हता म्हनाला. माजं पोरगं गेलं म्हनत."

"मग सगळ्यांना खोटं का सांगितलं?"

"नाय तर काय सांगनार व्हता? तुझ्या मामाची अकरा मेंढरं त्यात. भावकीची व्हती. समदे दारात येऊन उभे राहिले. लोक म्हनले असते, पोरानं कळप खाल्ला. जलमभर म्हनले असते. तू वराडात गेला असता, लग्नाला उभा राहिला असता, तरी म्हनले असते, त्योच का, झोपला व्हता त्यो. तुझा बाप म्हनला, ड्रायव्हर परका मानूस, सरकारी नोकर. त्याला काय व्हतंय? मला शपथ घातली त्यानं. तुला बी तेच सांगत राहिला. तू बी मग तेच सांगाया लागला."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहवत नाही. म्हातारीला असं बोलू नये. शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "वरड. मलाच वरड. त्यो काय आता आयकाया हाय?"

२४ मार्च, रविवार

आबांच्या फोटोसमोर उभा राहिलो. हार काढून टाकावासा वाटला. काढला नाही.

मी तुम्हाला सांगितलं होतं का असं करायला? मार दिला असता तर बरं झालं असतं. मारायचं होतं मला, पाठीवर वळ उठेपर्यंत. चार वर्षांत लोक विसरले असते. त्याऐवजी तुम्ही मला एक माणूस दिला, रोज शिव्या द्यायला. मी रोज दिल्या. त्याचं नावही आता कळलं. सांडू.

४ एप्रिल, गुरुवार

पुंडलिकरावांकडं पुन्हा गेलो. त्यांनी माझं फडकं धुऊन, घडी घालून ठेवलं होतं. मी उभ्यानंच सांगितलं.

"ते पोरगं मी."

मला वाटलं होतं म्हातारा पाठीवर हात ठेवेल. जाऊ दे, नऊ वर्षांचा होतास, असं काही म्हणेल. खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच गेलो होतो.

तो एकदम तांबडा झाला. "तू? आन् तुझा बाप केरबा?"

"हो."

"त्यानं रेल्वेच्या चौकशीत अंगठा दिला, शिट्टी वाजली नाय म्हनून. मी वाजली म्हनून सांगितलं, तर साहेब म्हनले, तू फायरमन, तू ड्रायव्हरचीच बाजू घेनार. बाहेरचा साक्षीदार एकच, तुझा बाप. सांडूला पॅसेंजर गाडीवरनं उतरवला. यार्डात घातला, डबे हिकडचे तिकडं करायला. त्याच्या हाताखालची पोरं मेल चालवायला लागली. मी बी गेलो पुढं. त्यो रिटायर होईस्तोवर यार्डातच. मानूस न बोलता सुकला, बाबा. आन् तू मला खोटारडा म्हनून गेला, माझ्याच घरात!"

मी रडायला लागलो. त्यानं त्यालाही जागा दिली नाही.

"माझ्याम्होरं काय रडतो? सांडू दोन हजार एकला गेला. बायको हाय अजून, लक्ष्मीबाई. पोरीपाशी असते, शहरातच, मिलिटरीच्या छावणीकडं. पोरगी सुकेशनी, मास्तरीण व्हती. तिथं जा. तिथं रड."

कागदाच्या कपट्यावर पत्ता लिहून माझ्या खिशात कोंबला.

११ एप्रिल, गुरुवार, पाडवा

गेलो नाही. सुट्टीचा दिवस, सणाचा दिवस, कुणाच्या घरी कसं जायचं, असं ठरवलं.

जाळी नवीन केली. उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, एकेक कानशीनं घासली, उभ्या लावल्या. शिट्टी बसवली. तिला डाग देताना जराही सोल्डर बाहेर येऊ दिलं नाही. मग काळा रंग. त्यावर धुराड्याभोवती काजळी, चाकांच्या दांड्यांवर तेलाचे ओघळ, बॉयलरच्या तळाला पाणी गळून वाळल्याचे पांढरे डाग, टेंडरच्या कडांना गंज. ब्रश दोन केसांचा. हे काम मी लई दिवस पुरवू शकतो.

शीला म्हणाली, "छावणीत कधी जाणार?"

"काम पुरं झालं की."

"ते पुरं होऊच नये असं करताय तुम्ही."

तिला सगळं आईनं सांगितलंय. मी नाही सांगितलं. आता दोघी एका बाजूला आहेत. हाही राग येतो, पण कुणावर काढू?

१८ एप्रिल, गुरुवार

इंजिन शेंद्र्याच्या ऑफिसात पोचतं केलं. मालक म्हणाले, "अरे, चकचकीत सांगितलं होतं. हे तर मळकं केलंस."

"चालणारं इंजिन असंच असतं."

ते पेटीभोवती एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, राहू दे, असंच राहू दे. टेंडरवर कंपनीचं नाव मात्र चिकटवून घेतलं.

परत येताना रिकामे हात मोटरसायकलच्या हँडलवर जड वाटत होते. आता कारण उरलं नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

सकाळी दहाला छावणीत गेलो. बाजारामागची गल्ली, खालच्या मजल्यावरचं घर. सुकेशनीबाईंनी दार उघडलं. पंचावन्न-छप्पन्नच्या असतील, चष्मा, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी म्हणालो, सांडूसाहेबांच्या संदर्भात बोलायचंय. त्यांनी आत घेतलं. तांब्याभर पाणी आणून ठेवलं, या दिवसांत. मला ते पिववेना.

सांगून टाकलं. बाभूळ, घोंगडं, विहीर, अंगठा. कुठं थांबलो नाही. आतलं काही माझ्या बाजूनं वळवलंही नाही, एवढं मी शपथेवर लिहीन.

त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आम्ही स्टेशनजवळ क्वार्टरमध्ये राहायचो. शाळेत मुलं मला मेंढरंमाऱ्याची पोरगी म्हणायची. मी भांडायचे. वडील म्हणायचे, भांडू नकोस, आपल्याला माहीत आहे ना. मी त्यांना म्हणायचे, मला कुठं माहीत आहे? मी थोडीच होते इंजिनावर? मला खात्री नव्हती, कळतंय तुम्हाला? माझ्या बापाची मला खात्री नव्हती."

आवाज चढवला नाही त्यांनी. मला वाटलं चढवावा.

"चुकलं आमचं," मी म्हणालो.

"ते तोंडी नको." उठल्या, कपाटातून ताव आणि पेन आणलं, माझ्यासमोर ठेवलं. "लिहून द्या."

मी लिहिलं. तारीख, माझं पूर्ण नाव, गाव. मग लिहिलं: 'सदर दिवशी ड्रायव्हर सांडू यांनी शिट्टी दिली असावी.'

त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "असावी काढा."

"बाई, मी झोपलो होतो. मी ऐकली नाही. मी कसं लिहू दिली म्हणून?"

"तुमच्या वडिलांनी ऐकली होती?"

"हो."

"मग तसं लिहा. त्यांचं नाव घालून."

पेन हातात होतं. केसाएवढ्या रेषेवर कानस थांबवणारा हात माझा, तो पुढं सरकेना. पाठीवर पोत्याचे घट्टे पडलेले आबा. पावसात मला घोंगड्यात घेणारे आबा. त्यांच्याबद्दल हे माझ्याच हातानं. बाईंनी घाई केली नाही आणि सूटही दिली नाही. उभ्याच होत्या.

पहिली ओळ खोडली. लिहिलं:

'माझे वडील केरबा यांनी शिट्टी ऐकली होती. ती ऐकूनच ते विहिरीवरून पळत आले. शिट्टी सतत वाजत होती. मेंढरं राखायला मी होतो आणि मी झोपलो होतो. मला वाचवण्यासाठी वडिलांनी चौकशीत खोटं सांगितलं. ड्रायव्हर सांडू यांची काही चूक नव्हती. त्यांनी मला उचलून घेतलं होतं.'

सही केली. बाईंनी ताव उचलला, चष्मा वर करून दोनदा वाचला. मला वाटलं आता जा म्हणतील. त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला आणि आतल्या दाराचा पडदा बाजूला केला. आत खाटेवर एक म्हातारी बसली होती, अंगानं अगदी थोडी, डोळे मिटलेले. लक्ष्मीबाई.

"आईला कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा."

मी दारात उभा राहून वाचलं. गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. म्हातारी हलली नाही. मला वाटलं, ऐकू गेलंच नाही. मी बाईंकडं पाहिलं.

मग खाटेवरून आवाज आला.

"सुकेशनी, त्याला म्हनावं, पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. पहिल्यापासून.